अधिसूचित आजार (मुंबई)

रोगी आढळताच ज्याची खबर सरकारी आरोग्य यंत्रणेला देणे बंधनकारक असते, असा आजार. मुंबईत या बंधनाचा पाया मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मध्ये आहे. त्यातील शब्द आहे ‘धोकादायक रोग’. कलम 421 प्रमाणे, असा रोगी पाहिलेल्या डॉक्टरने पालिकेच्या कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्याला शक्य तितक्या लवकर कळवायचे असते. पुढची कलमे जागेची तपासणी, रोग्याला रुग्णालयात हलवणे, निर्जंतुकीकरण अशा अधिकारांची आहेत.

कायदा असला तरी लोक खबर देतातच असे नाही, हे मुंबईला आठ वर्षांतच कळले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये पालिकेने रोग्यांना सक्तीने आर्थर रोडच्या रुग्णालयात न्यायला सुरुवात केली. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा चाळींतून पसरली आणि महिनाअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावरच हल्ला केला. रोगी लपवले जाऊ लागले, हजारो लोक शहर सोडून गावाकडे निघाले. त्या धांदलीत 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग अधिनियम आला. कलमे अवघी चार, पण सरकारला मोकळीक अमर्याद. घराची झडती, रोग्यांची छावणी, दारावर खुणा, सारे त्यात बसले. 9 मार्च 1898 रोजी एका आजारी मुलीला हलवण्यावरून विणकर वस्तीत दंगल पेटली. सक्तीने खबर वाढण्याऐवजी आटली, असेच या दोन वर्षांवरून म्हणावे लागते.

तोच अधिनियम मार्च 2020 मध्ये कोविडसाठी पुन्हा बाहेर काढला गेला. घरी अलगीकरणात राहायचे असलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला जाई. (रोग्याला वेगळे ठेवणे ते विलगीकरण आणि संपर्कात आलेल्याला वेगळे ठेवणे ते अलगीकरण, असा सरकारी भेद आहे, बोलताना सगळेच ‘क्वारंटाइन’.) आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाल्यावर त्याच वर्षी दुरुस्ती होऊन अशा हल्ल्याला 3 महिने ते 5 वर्षे, गंभीर दुखापत झाल्यास 7 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

एरवी काम बरेच साधे असते. संशयित रुग्णाची नोंद आरोग्यसेविका, लक्षणांवरून निदानाची नोंद डॉक्टर आणि खात्रीची नोंद प्रयोगशाळा करते. पूर्वी हे कागदी तक्ते आठवड्याने जात, आता नोंद संगणकावर होते. मलेरियाचा एक रुग्ण कळला की आसपासच्या घरांत तापाची चौकशी होते, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतले जाते आणि कीटकनाशक विभागाची माणसे डासांच्या अळ्या शोधत गच्चीवर चढतात.

खाजगी दवाखाना हा यातला जुना कच्चा दुवा. क्षयरोगाची नोंद 2012 पासून सर्व डॉक्टरांना बंधनकारक आहे, तरी 2018 मध्ये न कळवणाऱ्यांवर फौजदारी कारवाईची तरतूद आणावी लागली. डॉक्टरची अडचणही खोटी नाही. ‘नाव कुठे जाणार नाही ना?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला काय सांगायचे? क्षयाचा पत्ता शेजाऱ्यांना लागला की लग्न मोडते, भाड्याची खोली जाते.

डासांच्या बाबतीत मात्र नियम माणसाला सोडून पाण्याला धरतो. मुंबईतला मलेरिया प्रामुख्याने ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास पसरवतो. त्याला विहिरी आणि इमारतींवरच्या टाक्या मानवतात. 1911 मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या अहवालात विहिरींवर बोट ठेवल्यावर शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या वा झाकल्या गेल्या. पारशी समाजाचा त्याला धार्मिक कारणांवरून विरोध होता. चर्चगेटजवळची, पारशांना पवित्र असलेली 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही वापरात आहे. सोसायटीच्या टाकीचे झाकण उघडे सापडले, तर नोटीस मात्र हमखास येते.