दर बांधला, तर बांगडा कुठे जाईल?

पावसाळ्यात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव चढला, की सरकारने मासळीचे दर बांधून द्यावेत, अशी मागणी गोव्यात हमखास होते. मते मागणारा पुढारी सहसा तिला नाही म्हणत नाही. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद. माल कमी, खाणारे तेवढेच, मग भाव वाढणारच. इथवरचे अर्थशास्त्र पुढाऱ्यांना नक्की कळते. निसटते ते पुढचे: चढलेला भाव हा लांबवर पोचणारा निरोप असतो.

पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. म्हणजे आपले ट्रॉलर जेटीला बांधलेले असताना तिकडच्या होड्या जूनच्या मध्यापासून समुद्रात असतात. तिथली मासळी बर्फात घालून मडगावच्या घाऊक बाजारापर्यंत आणायची, तर डिझेल, बर्फ, वाटेतली नासाडी हा सगळा खर्च इथल्या चढ्या भावातूनच निघतो. दर खाली बांधला, तर तो ट्रक जास्त भाव देणाऱ्या दुसऱ्या शहरात रिकामा होईल. आणि बाजारात? मासळी वाट्यावर, म्हणजे छोट्या ढिगांनी, विकली जाते. वाट्याची किंमत तीच राहील, त्यातले दोन बांगडे कमी होतील. चांगला माल मागच्या दाराने हॉटेलात जाईल.

निरोप पोचला नाही तर काय होते, हे केरळात मोजले गेले आहे. 1997 ते 2001 या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. त्याआधी तारली घेऊन एका बंदरात शिरलेल्या होडीला शेजारच्या बंदरातला भाव कळायचा नाही. एकीकडे गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात ओतायची, तर काही किलोमीटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचे. फोन आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारून बंदर निवडू लागल्या. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की 5 ते 8 टक्के मासळी फुकट जायची ती वाचली, कोळ्यांचा नफा सुमारे 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त मिळाली. कोणत्याही खात्याने दर ठरवला नव्हता.

अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक हायेक यांनी 1945 मध्ये हेच मांडले होते. कुठे काय कमी, कुणाला काय हवे, ही माहिती लाखो लोकांत विखुरलेली असते. ती एका टेबलावर गोळा होत नाही, भावात मात्र उतरते. मंत्री कितीही हुशार असला, तरी ही अडचण सुटत नाही. शिवाय बांधलेला दर मतदाराला फलकावर दिसतो, न आलेला ट्रक कुणालाच दिसत नाही.

पण बाजार सगळे आपोआप ठीक करतो, हीदेखील अंधश्रद्धाच. समुद्रातल्या माशाला मालक नसतो. मी आज सोडलेला बांगडा उद्या दुसरा पकडणार, म्हणून जो तो आजच ओढतो. इथे चढा भाव उलट नुकसान करतो, कारण तो अंडी घालायच्या हंगामातही जाळे टाकायला लावतो. म्हणून 61 दिवसांची बंदी हवीच. एलईडी दिव्यांवर मासे ओढायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी पारंपरिक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे कोळी, आजही त्याच दिव्यांच्या तक्रारी करतात. आमदारांनी सभागृहात वाट्याच्या दरापेक्षा त्या दिव्यांचा हिशेब मागावा. तिथे सरकारवाचून चालत नाही.