चाकांवरचा बैल

पोळ्याच्या करीला विदर्भातल्या गल्ल्यांमधून खडखड आवाज येतो. पोरं दोरीला बांधलेले लाकडी बैल ओढत निघालेली असतात. बैलाच्या पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना बेगड, आणि पायांखाली चार चाकांची फळी. ज्या दारात बैल थांबतो तिथे त्याला ओवाळतात आणि पोराच्या हातावर काही पैसे पडतात. हाच बोजारा. आदल्या दिवशी खऱ्या बैलांच्या पोळ्यात शेतकऱ्याचा आणि त्याच्या बैलांचा मान असतो, आज पोरांचा. म्हणून हा तान्हा पोळा.

हा बैल खेळणं आहे की देव, हे कोणी फारसं विचारत नाही. सकाळी त्याची पूजा होते, दुपारी त्याच्यावर बसायला पाहणाऱ्या धाकट्या भावाला धपाटा बसतो. दोन्ही खरं.

चाकांवर उभ्या केलेल्या जनावराची आपल्याकडची सगळ्यात गाजलेली जुनी उदाहरणं सापडली ती मात्र विदर्भात नव्हे, प्रवरेकाठी. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना चार कांस्यवस्तू मिळाल्या: दोन बैल जुंपलेला आणि मागे माणूस उभा असलेला रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. रेडा आणि गेंडा भरीव चाकांवर उभे आहेत. हत्तीखालची फळीसारखी बैठक शिल्लक आहे, चाकं गेली. घडण पाहिली तर थेट आजच्या लाकडी बैलाची: प्राणी आपल्या पायांवर उभा, आणि पायांखाली वेगळा गाडा. फरक वजनाचा. चारही वस्तू मिळून ६० किलोंहून जास्त भरतात. एवढं धातूचं ओझं कोणतं पोर ओढणार? म्हणून त्या मिरवणुकीसाठी किंवा पूजेसाठी केल्या असाव्यात, असं बहुतेक जण मानतात. काळाबद्दलही वाद झाला. उत्खनन करणाऱ्या साळींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या. पण धातूत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघालं, तसं त्या काळच्या इतर वस्तूंत दिसत नाही, म्हणून काहींनी शंका घेतली.

हडप्पा संस्कृतीच्या मुलांकडे खेळणी होती यात मात्र शंका नाही. मातीच्या बैलगाड्या आणि त्यांची चाकं त्या गावांमधून ढिगांनी मिळाली आहेत. मोहेंजोदडोत तर दोरी ओढली की मान हलवणारा मातीचा बैलही होता.

इथे दायमाबादपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो. ती ओढू नये. मधल्या हजारो वर्षांतला लाकडी बैल कोणाला दाखवता येत नाही. आपल्या हवेत, वाळवी आणि चार पावसाळ्यांपुढे लाकडाचं खेळणं टिकत नाही. जे टिकलं ते भाजल्या मातीचं आणि धातूचं. शिवाय मोडकं खेळणं जपून कोण ठेवतो? ते चुलीत जातं.

घरात गुरं नसली तरी बैल पुजायचा, ही रीत मात्र राज्यभर आहे. विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा, कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर. ज्यांच्या गोठ्यात बैल नाही ते मातीची जोडी आणून पाटावर मांडतात. या मातीच्या बैलांना सहसा चाकं नसतात आणि त्यांचं आयुष्य दोन-चार दिवसांचं. पूजा झाली की ते पोरांच्या हाती येतात, मग एखादं शिंग मोडतं, आणि तिथेच संपतं.

लाकडी बैलाचं तसं नाही. नागपुरात सांगतात की तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांनी सुरू केला, दुसऱ्या रघुजींनी, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस. खऱ्या बैलांच्या पोळ्यात लहान मुलांना कुठे धरणार, ती पायाखाली यायची; मग त्यांना त्यांचे बैल करून दिले, अशी ही गोष्ट. ती घडल्या बरहुकूम असो वा नसो, त्यामागचा विचार शेतकरी घरातल्या कोणालाही पटेल. बैल सजवायचा कसा, तोरणाखाली रांगेत उभा करायचा कसा, हे सगळं पोर आधी लाकडावर शिकतं.

सागवानाचा चांगला बैल सुताराकडून घडवून घेतला की तो आजोबांकडून नातवाकडे जातो. वर्षभर माळ्यावर, करीच्या आधी खाली. रंगाचा नवा हात बसतो, चाकं बदलतात, कान तुटला असेल तर नवा लावतात. तिसऱ्या पिढीपर्यंत मूळचं किती उरलं हे विचारू नये.

त्याच दिवशी नागपुरात मारबतही निघते, आणि तिचं नशीब नेमकं उलटं. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. या प्रचंड बाहुल्या आणि त्यांच्यासोबतचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. बाहुली म्हणून त्यांच्याशी कोणी खेळत नाही. त्या दरवर्षी नव्या करायच्या आणि दरवर्षी राख. बैल मात्र माळ्यावर परत.

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्याच्या नंदींसाठी नावाजलेला आहे. हातात मावणाऱ्या बैलापासून सुरुवात झाली तरी तिथले नंदी वाढत वाढत पुरुषभर उंचीचे झाले. आपला नंदी शेजारच्यापेक्षा मोठा हवा, ही ईर्ष्या पोरांची कमी आणि बापांची जास्त. खाली चाकं आहेतच, पण त्यांना आता दोरी पुरत नाही, दोरखंड लागतो. ओढायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात, आणि ज्याचा सण ते पोर बाजूने चालतं.