धक्का काडतुसातच भरलेला असतो

पक्ष्यांच्या शिकारीत वापरतात त्या छऱ्याच्या बंदुकीचं बारा बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद) साधं काडतूस आतून पाहिलं तर त्यात चार गोष्टी असतात. पितळी बुडात बसवलेली, दारू पेटवणारी टोपी, तिच्यावर जेमतेम सव्वा ग्रॅम दारू, दारूवर प्लास्टिकची वाटी म्हणजे वॉड, आणि वाटीत २८ ग्रॅम छर्रे. (हे चित्रात पाहावं, भरलेलं काडतूस कापायचं नसतं.) खांद्याला किती धक्का बसणार, हे चाप ओढण्याआधीच या वजनांनी बरंचसं ठरवून टाकलेलं असतं.

हिशेब संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा, आहे. छर्रे आणि वॉड मिळून सुमारे ३०.५ ग्रॅमचा ऐवज सेकंदाला ३९० मीटर वेगाने नळीबाहेर पडतो, पाठोपाठ दारूचा वायू त्याहून साधारण दीडपट वेगाने. दोन्हींचा संवेग मिळून १२.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद भरतो आणि तेवढाच बंदुकीला उलट्या दिशेने मिळतो. बंदूक ३.२ किलोची असेल तर ती सेकंदाला सुमारे ३.९ मीटर वेगाने मागे येते. तेव्हा तिच्यात २५ ज्यूल ऊर्जा असते.

आता त्याच बंदुकीत ५० ग्रॅम छऱ्यांचं, ४०० मीटर वेगाचं मॅग्नम काडतूस घाला. ऊर्जा जाते ८० ज्यूलच्या आसपास. छर्रे पावणेदोनपट, धक्का तिपटीहून जास्त! बंदुकीचं वजन तेच राहतं, तिचा मागे येण्याचा वेग वाढतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणूनच छऱ्यांचा वेग १० टक्क्यांनी वाढवला की धक्का सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. पदरात मात्र फार थोडं पडतं, कारण बारीक गोल छर्रा हवेत झपाट्याने मंदावतो. नळीच्या तोंडाशी जास्तीचा मिळालेला वेग ३५ मीटरवर पोचेपर्यंत बराचसा विरलेला असतो.

दस्त्यात पाव किलोचं वजन बसवलं तर ३.२ किलोच्या बंदुकीचा धक्का फक्त ७ टक्क्यांनी उतरतो. ३२ ग्रॅमऐवजी त्याच वेगाचं २८ ग्रॅमचं काडतूस वापरलं तर तोच २० टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि पाव किलो दिवसभर वाहावंही लागत नाही. जुन्या इंग्रज बंदूककारांचा ठोकताळा असा होता, की बंदूक छऱ्यांच्या किमान ९६ पट जड असावी. २८ ग्रॅमला २.७ किलो, ३६ ग्रॅमला जवळजवळ साडेतीन किलो. विसाव्या बोअरची हलकी बंदूक घेऊन तिच्यात बारा बोअरइतके छर्रे घालणारे इथेच फसतात. २.७ किलोच्या विसाव्या बोअरमधून २८ ग्रॅम मारले, तर खांद्यासाठी ती तेवढेच छर्रे मारणाऱ्या ३.२ किलोच्या बारा बोअरहून वाईट.

गणितातला धक्का आणि जाणवणारा धक्का यांत फरक असतो. वायूवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक संवेग कमी करत नाही. तोच ढकल थोड्या जास्त वेळात पसरवते, त्यामुळे गुद्द्याऐवजी रेटा जाणवतो. दस्त्यामागची रबराची गादीही वेळच वाढवते, शिवाय जोर जास्त जागेवर वाटते. नळीच्या तोंडाशी भोकं पाडण्यावर मात्र पैसे घालवू नयेत. छर्रे बाहेर पडताना छऱ्याच्या बंदुकीत वायूचा दाब फारसा उरलेला नसतो. फायदा नाममात्र आणि आवाज वाढतो. त्या आवाजाने कानठळ्या बसतात, तेव्हा धक्काही मोठा वाटतो. कानावर संरक्षक लावून तेच काडतूस मारलं, तर ते सौम्य भासतं.

दुखतं कुठे, यावरून चूक कुठे आहे ते कळतं. गालावर वळ उठत असेल तर दस्त्याची वरची कड तुमच्या चेहऱ्याला उंच किंवा तिरकी पडते आहे, किंवा गाल दस्त्यावर टेकवलेलाच नाही. मधलं बोट चापाच्या कडीवर आपटत असेल तर दस्ता आखूड आहे, नाहीतर मूठ सैल. दंडावर निळं पडलं असेल तर दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर सरकला आहे. बंदूक खांद्याला लावल्यावर नाक आणि चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा यांत दोन ते तीन बोटांचं अंतर असावं. थंडीतला जाड कोट घातला की हे माप बदलतं, हे पुष्कळजण विसरतात. वजन पुढच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित सैल, बंदूक आधी गालाला आणि मग खांद्याला. मागे रेलून उभं राहिलं तर दुसरा बार काढताना तोल गेलेलाच असतो.

खरा शत्रू मात्र निळा पडलेला खांदा नाही, दचकणं आहे. शरीर धक्क्याची वाट पाहू लागतं आणि चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: सरावाच्या मैदानावर जोडीदाराला खऱ्या काडतुसांत दोन-तीन नकली काडतुसं मिसळून भरायला सांगा. नकलीवर चाप ओढल्यावर नुसतं ‘खट’ होतं, पण नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली जातं. नेमक्या याच हिसक्यामुळे पक्षी सुटतो. उपाय म्हणजे २४ ग्रॅमची काडतुसं, थोडे बार, आणि थकवा आल्यावर थांबणं.

छऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक. अमेरिकी पद्धतीत १७ मधून नंबर वजा केला की व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, २.८ मिलिमीटर. इंग्रजी नंबर वेगळे आहेत: तिथला ५ हा अमेरिकेतला ६, म्हणून खोक्यावरचे मिलिमीटर वाचावेत. एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, शिशाचे साडेसात नंबरचे सुमारे ३५० छर्रे बसतात, ६ नंबरचे २२५ आणि ४ नंबरचे १३५.

समजा ३६ मीटरवर अर्धे छर्रे ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडले, आणि पक्ष्याच्या अंगाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे. साडेसात नंबरचे सरासरी ३.९ छर्रे लागतील, ६ नंबरचे २.५, तर ४ नंबरचे दीड. सरासरी दीड याचा अर्थ असा, की नेम अचूक असूनही पाचांतून एखादा पक्षी छऱ्यांच्या फटीतून अलगद निघून जातो. उलट साडेसातचा दाणा वजनाने ४ नंबरच्या दाण्याच्या ४० टक्केही नाही. मोठ्या पक्ष्याच्या जाड पिसांत तो खोल जात नाही आणि पक्षी जखमी होऊन उडून जातो. म्हणून लाव्यासाठी ८ किंवा साडेसात, २४ ते २८ ग्रॅम. तितरासाठी साडेसात ते ६, २८ ग्रॅम. फेझंट या मोठ्या रानपक्ष्यासाठी ६ किंवा ५, ३२ ते ३६ ग्रॅम. याहून जड काडतूस बहुतेक वेळा खांद्यावरच वाया जातं.

पाणपक्ष्यांचं गणित निराळं. बदकं पाण्याच्या तळाचे खडे समजून शिशाचे छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेत १९९१पासून पाणपक्ष्यांसाठी शिसं बंद आहे, आणि युरोपीय संघात २०२३पासून पाणथळ जागांत. पोलादाची घनता ७.८, शिशाची ११.३, म्हणून पोलादाचा छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यावा लागतो. शिशाच्या ४ च्या जागी पोलादाचा २. वेगही जास्त ठेवतात, त्यामुळे ३२ ग्रॅमचं ४६० मीटर वेगाचं पोलादी काडतूस साध्या २८ ग्रॅमच्या जवळपास दुप्पट धक्का देतं. पोलाद दबत नाही, म्हणून फुल चोकमधून ते मारू नये (चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं आहे ते; फुल बराच आवळलेला, मॉडिफाइड त्याहून सैल, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणखी सैल); चोकशी नळी फुगते.

काडतुसाची लांबी उडाल्यानंतरची मोजलेली असते. त्यामुळे ३ इंची काडतूस नळीच्या मागच्या टोकातल्या पावणेतीन इंची घरात खुशाल बसतं, पण त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक चढतो. नळीवर कोरलेला आकडा वाचावा. विसाव्या बोअरचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, वरून रिकामंच दिसतं. त्यामागे बाराचं घालून बार काढला की नळी फुटते. विसाव्याची काडतुसं पिवळी करतात ती यासाठी.

काडतूस पक्कं करण्याआधी कागदावर मारून पाहावं. सव्वा मीटर चौरस कोरा कागद, ३६ मीटर अंतर, मधोमध ठिपका. बार झाल्यावर छर्रे जिथे सर्वांत दाट पडले तिथे ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून भोकं मोजायची. फुल चोकने त्यात सुमारे ७० टक्के छर्रे यावेत, मॉडिफाइडने ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरने ५०. एका कागदावरून काही ठरत नाही, निदान पाच हवेत. पाचही कागदांवर तळहाताएवढी कोरी जागा दिसत असेल, तर चोक किंवा छऱ्याचा नंबर बदलावा. आणि वर्तुळाचा मध्य दर वेळी ठिपक्याच्या खालीच पडत असेल, तर काडतूस बदलू नका. आधी नकली काडतुसांची चाचणी पुन्हा घ्या.