द्विपात्री प्रवेश (अभिनयशिक्षण)

द्विपात्री प्रवेश : अभिनयाच्या वर्गात दोन विद्यार्थ्यांनी मिळून बसवायचा आणि वर्गासमोर सादर करायचा छोटा नाट्यप्रवेश. तो साधारणपणे पाच ते दहा मिनिटांचा असतो. बहुतेक वेळा तो पूर्ण लांबीच्या नाटकातून किंवा एकांकिकेतून निवडतात. क्वचित विद्यार्थी स्वतः लिहितात. एकपात्री उताऱ्यात वाणी, पाठांतर आणि आवाका यांची परीक्षा होते. द्विपात्री प्रवेशात नट समोरच्याचे खरोखर ऐकतो आहे की आपल्या वाक्याची वाट पाहतो आहे, हे लपवता येत नाही. म्हणूनच अभ्यासक्रमात त्याचे स्थान मध्यवर्ती मानले पाहिजे. प्रस्तुत नोंदीत पुण्यातील अभिनयशिक्षणाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : या प्रकाराचे मूळ संस्कृत नाट्यपरंपरेत शोधण्याचा मोह स्वाभाविक आहे. नाट्यशास्त्रातील (सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या दरम्यानचे; काहींच्या मते त्यातील भाग त्याहून उत्तरकालीन) दहा रूपकांपैकी (नाट्यप्रकारांपैकी) वीथी हे एकाच अंकाचे आणि एका किंवा दोन पात्रांनी सादर करावयाचे रूपक आहे. तिची तेरा अंगे सांगितली असून त्यांतील काही संवादाच्या चढाओढीवर उभी आहेत. अधिबल या अंगात दोन पात्रे वरचढ बोलून एकमेकांवर मात करू पाहतात, तर वाक्केलीत चतुर उत्तर-प्रत्युत्तरांची लड असते. विष्कंभकातही (दोन अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातही) बरेचदा दोनच पात्रे येऊन मधल्या काळातील घडामोडी सांगतात. मात्र वीथी हा प्रयोगाचा प्रकार आहे, शिकवण्याचे साधन नव्हे. तमाशातील बतावणीबद्दलही हेच म्हणावे लागेल. सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांची हजरजबाबी देवाणघेवाण आजच्या विद्यार्थ्याने जरूर अभ्यासावी. पण ती फडावर, प्रेक्षकांपुढे घडत गेली.

नाटक मंडळ्यांच्या काळात शिक्षण तालमीतच होई. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा प्रयोग झाला. पुढे किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल यांनी तालीम मास्तर म्हणून नट घडवले. येथे जे शिकायचे ते उभ्या राहणाऱ्या नाटकासाठी असे. प्रवेश नाटकातून वेगळा काढून केवळ शिकण्यासाठी बसवणे ही कल्पना आधुनिक असून ती प्रामुख्याने रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांच्या परंपरेतून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्तानिस्लाव्हस्कींच्या लेखनाच्या के. नारायण काळे यांनी केलेल्या अनुवादामुळे हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

पुण्यात ही परंपरा आणखी एका वाटेने आली. लॉ कॉलेज रस्त्यावरील प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच दशकात तेथे अभिनय शिकवू लागलेले रोशन तनेजा न्यूयॉर्कच्या नेबरहूड प्लेहाउस या नाट्यशाळेत अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइसनर यांच्या हाताखाली शिकले होते. माइसनर यांच्या पद्धतीचा पाया म्हणजे पुनरावृत्तीचा सराव. दोघे समोरासमोर बसतात. एकाला दुसऱ्यात जे दिसते ते तो बोलतो : ‘तू निळा शर्ट घातलायस.’ दुसरा म्हणतो : ‘मी निळा शर्ट घातलाय.’ हेच चालू राहते आणि समोरच्यात खरोखर काही बदलले तरच वाक्य बदलते. दिसायला पोरकट असलेला हा सराव अवघड आहे, कारण त्यात हुशारीला जागाच नाही. इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा अभ्यासक्रम पुढे बरीच वर्षे बंद होता. तो २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

दुसरा प्रवाह हौशी रंगभूमीचा. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होत आली आहे. पुण्यात अभिनय शिकायला येणारे अनेक जण स्पर्धेच्या एकांकिकेतून आलेले असतात. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य कसे पोहोचवायचे, टाळी कुठे येते, हे त्यांना ठाऊक असते. हे मोठेच भांडवल आहे. पण त्यातून वाक्य जोडीदाराला न देता थेट प्रेक्षागृहात टाकण्याची सवयही लागते आणि द्विपात्री प्रवेशाच्या वर्गात शिक्षकाचा पुष्कळसा वेळ ती सोडवण्यातच जातो. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ललित कला केंद्रामुळे रंगभूमीच्या पदवी शिक्षणाला शहरात स्वतंत्र घर मिळाले.

संहितेचे विश्लेषण : निवड करताना दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी हवे आहे असा प्रवेश घ्यावा. एकाने हकीकत सांगायची आणि दुसऱ्याने माना डोलवायच्या, असे प्रवेश टाळलेले बरे. पहिली वाचने बसून, अभिनय न करता होतात. मग परिस्थिती निश्चित केली जाते : कोण, कुठे, केव्हा, आत्ताच काय घडून गेले आहे. त्यानंतर प्रत्येक पात्राचे उद्दिष्ट ठरते.

उदाहरणादाखल असा प्रवेश कल्पावा : सदाशिव पेठेतील जुना वाडा बिल्डरला द्यायचा आहे, धाकटी बहीण कागद घेऊन भावाकडे आली आहे. तिचे पहिले वाक्य आहे, ‘दादा, जेवलास का?’ विद्यार्थिनीने उद्दिष्ट म्हणून ‘मी काळजीत आहे’ असे लिहिले तर तिच्या हाती करण्याजोगे काहीच लागत नाही; ती काळजीचा चेहरा करत बसते. ‘मला दादाची सही हवी आहे’ असे लिहिले की त्याच वाक्याचे काम बदलते. ते वाक्य त्याला मऊ करण्यासाठी येते, आणि तो ‘कागद आणलेस वाटतं’ म्हणाला की तिला दुसरा मार्ग शोधावा लागतो. समजूत घालणे, आईची आठवण काढणे, धाक घालणे, गप्प बसणे हे सगळे त्या एकाच हव्या असलेल्या गोष्टीकडे जाणारे मार्ग आहेत. मार्ग जेथे बदलतो तेथे संहितेवर पेन्सिलने रेघ मारतात. भावना ठरवू नये, कृती ठरवावी. भावना तिच्या मागून येते. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो.

पाठांतराबाबत दोन पद्धती आहेत. माइसनर यांच्या मते शब्द कोणताही चढउतार न देता यांत्रिकपणे पाठ करावेत, म्हणजे वाक्याची चाल आधीच पक्की होत नाही. दुसरी रीत हालचालींसह पाठ करण्याची. मराठी विद्यार्थ्यासाठी पहिली अधिक उपकारक वाटते, कारण कथाकथन आणि वक्तृत्व स्पर्धांमुळे सुरात पाठ करण्याची सवय अनेकांना शाळेतच लागलेली असते.

बसवणूक : नेपथ्य म्हणजे दोन ठोकळे आणि एक खुर्ची. प्रॉपर्टी अगदी मोजकी, पण खरी असावी. कागद हवा तर कागदच हवा, त्याचा मूकाभिनय नको. दोघे सरळ समोरासमोर उभे राहिले तर प्रेक्षकांना दोन बाजू तेवढ्या दिसतात. म्हणून तिरकी रेघ धरून उभे राहतात आणि ज्याची प्रतिक्रिया महत्त्वाची त्याला मोकळा ठेवतात. अंतराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी दोन माणसांमधील सुमारे ४५ सें.मी.पर्यंतचे अंतर जिव्हाळ्याचे आणि तेथून सुमारे १.२ मी.पर्यंतचे वैयक्तिक मानले. अभ्यासाला ही मापे उपयोगी असली, तरी ती मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडील मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावर आधारलेली आहेत. वाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेली भावंडे सहज खांद्याला खांदा लावून बसतील. त्याच खोलीत सासऱ्यांसमोर सून उंबऱ्यापाशी थांबेल. अंतर नात्यावरून आणि घरावरून ठरवावे, आणि ते प्रवेशात निदान एकदा तरी बदलावे.

शारीरिक जवळीक, मारहाण किंवा ढकलाढकली असेल तर प्रत्येक स्पर्श आधी दोघांच्या संमतीने ठरवून, संथ गतीत बसवलाच पाहिजे. ऐनवेळी सुचलेले तेथे चालत नाही.

सादरीकरण : वर्गात, दिव्यांच्या करामतीशिवाय. वाक्य विसरल्यास प्रॉम्प्टिंग देत नाहीत. जोडीदाराने सावरायचे असते. नंतर शिक्षक दोघांना प्रथम एकच प्रश्न विचारतात : हवे ते मिळाले का? मग बहुधा परिस्थितीतील एखादी बाब बदलून प्रवेश लगेच पुन्हा करायला लावतात. वरील उदाहरणात शेजारच्या खोलीत आई झोपलेली आहे, एवढे सांगितले तरी आवाज, अंतर आणि वेग सगळे हलते. कॅमेऱ्यासमोर हाच प्रवेश करताना जवळच्या दृश्यात जोडीदार चौकटीबाहेर, भिंगाच्या अगदी शेजारी उभा राहतो. त्याने आपली वाक्ये तितक्याच मनापासून द्यायची असतात, जरी त्या वेळी तो चित्रित होत नसला तरी.