लिव्हर घट्ट फिरतोय? जोर लावायच्या आधी हे वाचा

पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१०, यशिका, झेनिट, असे जुने मॅन्युअल कॅमेरे घेऊन दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर जड झालाय, अर्ध्यात अडकतो, आणि त्यातले कितीतरी जण घरी थोडा जोर लावून बघून मगच आलेले असतात. तेवढ्यासाठीच हा कागद छापलाय. घट्टपणा फिल्मचा आहे का कॅमेऱ्याचा, एवढं घरच्या घरी कळलं तरी तुमचा रोल वाचतो आणि आमचं कामही सोपं होतं.

लिव्हर एका फेऱ्यात तीन कामं करतो. दात्यांच्या चाकावरून फिल्म एक फ्रेम पुढे ओढतो (३५ एमएममध्ये एक फ्रेम म्हणजे ८ भोकं), ती उजवीकडच्या स्पूलवर गुंडाळतो आणि शटरची स्प्रिंग ताणून ठेवतो. त्यामुळे अडकायला जागा पण तीन आहेत.

सगळ्यात आधी काउंटर बघा, म्हणजे किती फोटो झाले ते दाखवणारा आकडा. हसू नका, रोल संपलेला असतो आणि माणूस लिव्हर ओढत बसतो, असं नेहमी होतं. काउंटर २४-२५ वर आहे आणि तुम्ही ३६ चा समजून टाकलेला रोल २४ चा होता, हे तर फारच कॉमन. ३६ झाल्यावर सदतिसावा मिळतोय का बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, मिळतो पण कधीकधी, पण लिव्हर जड लागला की तिथेच थांबायचं, नाहीतर भोकं फाटतात नाहीतर फिल्मचं शेवटचं टोक डबीतून सुटून येतं आणि मग रिवाइंड करायला, म्हणजे परत डबीत गुंडाळायला, काही उरतच नाही. रोल संपलाय असं वाटलं तर कॅमेऱ्याच्या खालचं बटण दाबून बाणाच्या दिशेने क्रँक (डावीकडच्या रिवाइंडच्या नॉबची दांडी) फिरवा. बटण नीट दाबलं गेलं नसेल तर क्रँक पण घट्टच लागणार, तिथेही जोर नको.

रोल मध्येच आहे आणि तरी घट्ट लागतंय? मग लिव्हर हळू फिरवताना डावीकडचा रिवाइंडचा नॉब बघा. तो उलटा फिरत असेल तर फिल्म सरकतेय. लिव्हर फिरतोय आणि नॉब ढिम्म, तर एक तर आत फिल्म सैल आहे नाहीतर भोकं फाटलीत. क्रँक बाणाच्या दिशेने अलगद फिरवून बघा, लगेच ताण आला तर फिल्म सैल नाहीये, आणि नॉब तरीही हलत नसेल तर पुढे काही करू नका. मागचं झाकण उघडून बघू का असं फोनवर विचारतात, तर नाही, उघडू नका. आमच्याकडे चेंजिंग बॅग आहे, त्यात हात घालून अंधारातच रोल काढतो, झालेले फोटो बहुतेक वेळा वाचतात.

आता रोलबद्दल थोडं, कारण हल्ली जास्त भानगडी इथेच आहेत. कंपनीचे रोल महाग झाले म्हणून जुन्या डब्यांमध्ये हाताने भरलेले रोल लोक घेतात, आम्हीही विकतो, त्यात वाईट काही नाही. पण डबी पुन्हा पुन्हा वापरली की तोंडाशी असलेल्या मखमलीत कचरा बसतो, कडा वाकते आणि फिल्म घासत बाहेर येते, लिव्हर जड लागतोच वर फोटोंवर लांब ओरखडे. कुणी हौसेने थोडी जास्तच फिल्म भरली की डबीत ती आधीच गच्च बसते. पॉलिस्टर बेसची फिल्म असेल तर अजून सांभाळून, ती सहजासहजी फाटतच नाही, त्यामुळे तुम्ही जोर लावला की फिल्मच्या आधी कॅमेऱ्याचे दाते जातात.

पावसाळ्यात हे सगळं वाढतं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, तो हवेतलं पाणी ओढून फुगतो, चिकट होतो, कोकणातून जुलै-ऑगस्टमध्ये येणारे कॅमेरे बघितले की कळतं. रोल भरून कॅमेरा महिनोन्महिने कपाटात ठेवू नका. फ्रिजमधला रोल बंद डबीतच तासभर बाहेर राहू दे, मगच उघडा.

रिकामा कॅमेरा पण जड फिरतोय? मग तो आमचा विषय, तरी दोन गोष्टी बघा. शटर आधीच ताणलेलं असेल तर लिव्हर हलणारच नाही, एकदा शटरचं बटण दाबून बघा. के१००० ला शटरसाठी बॅटरी लागत नाही, पण कॅनन एई-१ मध्ये बॅटरी मेली की शटर सुटत नाही, म्हणून लिव्हरही अडकतो आणि लोक सगळा कॅमेरा बिघडला म्हणून घेऊन येतात, फक्त ६ व्होल्टची एक बॅटरी टाकायची असते. दुसरं, लेन्स काढून लिव्हर फिरवून बघा (आरशाला बोट लावू नका), मोकळा झाला तर दोष लेन्समध्ये.

नाहीतर मग ग्रीस. तीस-चाळीस वर्षांत ते डबीत सुकलेल्या बूटपॉलिशसारखं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, एकाने तर खोबरेल तेल, कृपया नको. तेल पसरत पसरत शटरवर जातं आणि साध्या सर्व्हिसिंगचं काम तिप्पट होतं. जुनं ग्रीस पुसून काढूनच नवं लावावं लागतं, वरून ओतून काही होत नाही. रशियन झोर्की-४ वाल्यांना वेगळं सांगतो, शटरचा स्पीड नेहमी आधी वाइंड करून (फिल्म पुढे ओढून) मगच बदला, उलटं केलं की आतलं मेकॅनिझम बिघडू शकतं.

आजोबांचा कोडॅक ब्राउनी घेऊन येणाऱ्यांसाठी एक ओळ: त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ६२० चा रोल लागतो, तो कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. आता मिळतो तो १२०, फिल्म तीच पण स्पूलच्या चकत्या मोठ्या, कोंबून बसवला तर नॉब घट्ट फिरणारच. जुना ६२० चा रिकामा स्पूल असेल तर टाकू नका, आम्ही १२० ची फिल्म अंधारात त्यावर गुंडाळून देतो.

कॅमेरा आणताना रोल आत असेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, रोल कुठला, काउंटर कितीवर अडकला, आणि जोर लावून बघितला असेल तर तेही लिहा, रागावणार नाही. बघायचे पैसे घेत नाही, कॅमेरा खोलायचा असेल तर आधी फोन करून विचारतो. लेदरचं कव्हर घरीच ठेवा.