हाड मोडल्यावर : वॉकर-कुबड्या नेणाऱ्यांसाठी थोडी माहिती

आमच्या दुकानात वॉकर किंवा कुबड्या न्यायला आलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो : “हाड कधी जुळणार?” नेमकं उत्तर डॉक्टर एक्स-रे पाहूनच देतील. पण आत काय चाललंय हे कळलं, की जिवाची घालमेल जरा कमी होते.

प्लास्टर हाड जोडत नाही, मोडलेली टोकं फक्त जागेवर धरून ठेवतं. जोडण्याचं काम हाड स्वतःच करतं. मोडल्या जागी रक्त साकळतं, त्या गुठळीत नव्या पेशी शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड धरतो. पुढे त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. ‘कॅलस दिसतोय’ असं डॉक्टर म्हणतात ते यालाच. तिथे आलेला फुगवटा झिजून हाड पहिल्यासारखं व्हायला मात्र महिने, कधी वर्षंही जातात.

मनगटाला साधारण 6 आठवडे पुरतात. नडगीला 3 ते 4 महिने, कधी त्याहून जास्त. तिच्या खालच्या भागाला मांसाचं आवरण कमी आणि रक्तपुरवठाही बेताचा. लहान मुलांची हाडं भराभर जुळतात. तेव्हा शेजाऱ्यांच्या नातवाचं प्लास्टर महिन्यात निघालं, ही तुलना आजोबांना ऐकवू नका.

सगळ्यात जास्त घात करते ती तंबाखू. विडी-सिगारेट तर आलीच, पण मशेरीही त्यातच धरा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त पोचलं नाही तर हाड जुळणार कशाने? मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. जेवणात डाळ, अंडी, मासे, दूध, नाचणी असू द्या. ‘हाड लवकर जुळायची पावडर’ आम्ही ठेवत नाही. मोडल्या जागी तेल लावून चोळणं तर नकोच.

प्लास्टरबाहेरची बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा कळा थांबेनात, तर रात्र असली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

कुबडीचा भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर नाही. काख आणि कुबडीत दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. पेशंटला दुकानात आणणं जमत नसेल, तर त्यांची उंची सांगा आणि रोजच्या वापरातली चप्पल घेऊन या. तेवढ्यावरून माप लावून देतो.