धर्म बदलला की दुसरं लग्न कायदेशीर?

'पहिलीला घटस्फोट न देता नटाने धर्म बदलला आणि दुसरं लग्न लावलं, कायद्यात बसतं ते!' सिनेमावाल्यांच्या गप्पांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सरला मुद्गल खटल्यात ते स्पष्ट केलं आणि २००० साली लिली थॉमस प्रकरणात पुन्हा बजावलं. हिंदू विवाह कायद्याने झालेलं पहिलं लग्न नवऱ्याच्या धर्मांतराने आपोआप मोडत नाही. दुसरं लग्न रद्दबातल, वर सात वर्षांपर्यंत कैद. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं ८२.

मग कुणी तुरुंगात का दिसत नाही? मेख तक्रारीत आहे. शेजारी, चाहते किंवा पत्रकार फिर्याद देऊ शकत नाहीत. ती पहिल्या बायकोने किंवा तिच्या वतीने आईवडील, भावंडं, मुलं अशा नातलगांनी द्यावी लागते. ती आणि हे नातलग गप्प बसले की प्रकरण तिथेच थांबतं.

शिवाय दुसरं लग्न विधिवत लागल्याचा पुरावा हवा. महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) माळा घातल्या गेल्या होत्या, पण होम आणि सप्तपदी झाली नव्हती. हे विधी वगळण्याची रूढीही सिद्ध झाली नाही आणि आरोपी सुटले. त्यामुळे मासिकात छापलेला हार घातलेला फोटो कोर्टात फारसा कामाचा नाही.

अशा रद्दबातल लग्नातली मुलं मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार औरसच. आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क मिळतो.